वेंगरना नारळ

इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविच इथे १८ मार्च २०१७ रोजी फुटबॉलचा सामना चालू होता. एका बाजूला यजमान वेस्ट ब्रॉम, दुसऱ्या बाजूला लंडनचा आर्सनल. खेळ रंगात आलेला असताना मैदानावरून एक छोटं विमान गेलं. त्याच्या शेपटीला लांबलचक फलक बांधलेला, आणि फलकावरच्या मजकुराचा मथितार्थ असा, की वेंगरना नवा करार देऊ नका, त्यांना घालवा. त्याच सामन्यात आणखी एक विमान आलं. त्याच्याही शेपटीला फलक. त्यावर : आमचा आर्सेनवर भरवसा आहे, त्यांचा मान राखा.

खाली आर्सनल ३-१ असा हरला, पण त्या दिवशी खालचं फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मोर्चा, धरणं, घेराव, साखळी उपोषण, तोंडाला काळं फासणं असे निषेधाचे बहुतेक प्रकार आपल्याकडे होऊन गेले आहेत. परंतु एका माणसाची नोकरी राहावी की जावी, यावर दोन पक्षांनी पदरमोड करून विमानं उडवली आणि आकाशात वाद घातला, असं निदान माझ्या ऐकिवात नाही. वादाची पातळी एवढी उंच जाऊनही कोणी कोणाला धडकलं नाही, हेही नमूद करायला हवं.

ज्यांच्यासाठी हे इंधन जळलं ते आर्सेन वेंगर तेव्हा मॅनेजरच्या खुर्चीत वीस वर्षं उलटून बसलेले होते. इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅनेजर हा कोचही असतो, निवड समितीही असतो, आणि जुन्या पद्धतीच्या क्लबात खरेदी विभागही तोच असतो. हरल्यावर पत्रकारांसमोर बसायचं कामही त्याचंच. वेंगर १९९६ साली जपानमधला क्लब सोडून लंडनला आले तेव्हा तिथल्या एका वर्तमानपत्राने 'आर्सेन कोण?' असा मथळा दिला होता. चष्मा लावणारा, उंच, किडकिडीत फ्रेंच माणूस. दिसायला थेट गणिताचा मास्तर. आल्या आल्या त्यांनी खेळाडूंचं चॉकलेट बंद केलं आणि वाफवलेल्या भाज्या वाढल्या. संघाच्या बसमध्ये मागच्या बाकांवरून खेळाडू 'आमचं चॉकलेट परत द्या' अशा घोषणा देत होते, हे वेंगरनीच पुढे हसत हसत सांगितलं आहे. म्हणजे त्यांच्याविरुद्धचं पहिलं आंदोलन पहिल्याच महिन्यात झालं, आणि तेही ब्रोकोलीवरून.

मग मात्र भाज्यांनी गुण दाखवला. १९९८ आणि २००२ मध्ये देशाची लीग आणि एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा, दोन्ही जिंकले. २००३-०४ च्या सीझनमध्ये अडतीस सामने खेळले, त्यांतले २६ जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि हरले शून्य. लीगमधली ही न हरण्याची मालिका ४९ सामन्यांपर्यंत गेली. पुढे २००६ साली साठ हजार खुर्च्यांचं नवं स्टेडियम उभं राहिलं, डोक्यावर कर्ज आलं, चांगले खेळाडू विकले जाऊ लागले आणि २००५ नंतर नऊ वर्षं करंडकाच्या कपाटात नवं काही आलं नाही. या काळात वेंगर म्हणायचे, की पहिल्या चारांत येणं हाही एक करंडकच आहे. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबर होतं, कारण पहिल्या चारांत आलं की युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे पैसे मिळतात. पण चौथ्या क्रमांकाची मिरवणूक काढता येत नाही. उघड्या बसवर उभं राहून लोकांना दाखवायचं काय, पासबुक?

माझं मत विचाराल तर वेंगरनी २०१४ च्या मे महिन्यात जायला हवं होतं. एफए कपच्या अंतिम सामन्यात हलविरुद्ध पहिल्या आठ-नऊ मिनिटांत दोन गोल खाल्ले होते, तिथून ३-२ असा सामना काढला. नऊ वर्षांचा दुष्काळ संपला होता, करारही संपत आला होता. पण एवढ्या चांगल्या मुहूर्तावर कोणी जात नाही. जाण्याचा विचार माणसाला पराभवानंतरच सुचतो, आणि तेव्हा त्याला वाटतं की आत्ता गेलो तर पळून गेलो म्हणतील. म्हणून तो एक करंडक जिंकायला थांबतो. करंडक मिळाला की म्हणतो, आता कशाला जायचं? वेंगरनी नवा करार केला.

आमच्याकडे हा वाद रविवारी सकाळी अमृततुल्यात चालायचा. इंग्लंडमधले सामने आपल्याला संध्याकाळी नाहीतर रात्री दिसतात, आणि चॅम्पियन्स लीगचे हिवाळ्यात तर तेव्हा मध्यरात्री सव्वा वाजता सुरू व्हायचे. त्यामुळे या चर्चेतला प्रत्येक माणूस झोप न झालेला असायचा. पुण्यात बसून उत्तर लंडनमधल्या माणसाच्या नोकरीचा फैसला करायला तशीच मनःस्थिती लागते.

'इन', म्हणजे वेंगर राहावेत म्हणणाऱ्या पक्षाचे नेते एक काका होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुलगा लंडनला गेला, नातू आर्सनलचा लाल शर्ट घालून फोटो पाठवू लागला, तेव्हा काकांनी फुटबॉल पाहायला सुरुवात केली आणि वर्षभरात ऑफसाइडचा नियम सरकारी परिपत्रकाप्रमाणे तोंडपाठ केला. 'आउट' पक्षाचा नेता आमच्या वरच्या मजल्यावरचा इंजिनियरिंगचा पोरगा. त्याचा जन्म झाला त्याच सुमारास वेंगर आर्सनलला आले. म्हणजे शाळा, दहावी, बारावी, सीईटी एवढं सगळं बदलत गेलं आणि मॅनेजर तेवढा तोच राहिला. त्याची चीड मला अगदीच न कळण्यासारखी नव्हती.

"घालवा म्हणजे?" काका कप बशीत ठेवून विचारायचे. "कारणे दाखवा नोटीस दिली का?"

"काका, ती प्रायव्हेट नोकरी आहे."

"असू दे. वीस वर्षांची सेवा झाली आहे. आरोपपत्र नाही, खातेनिहाय चौकशी नाही, आणि थेट विमान?"

"अहो, बायर्न म्युनिकने पाच मारले!"

"कुठे?"

"तिकडे पाच-एक. मग आपल्या घरी पाच-एक."

"म्हणजे सातत्य आहे," काका म्हणायचे.

वेंगरचे दोष पोरगा तारखेनिशी सांगायचा. ऑगस्ट २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून ८-२. मार्च २०१४ मध्ये चेल्सीकडून ६-०, आणि तोही वेंगरचा आर्सनलचा मॅनेजर म्हणून हजारावा सामना. २०१५ च्या उन्हाळ्यात सगळ्या मोठ्या क्लबांनी पोत्याने खेळाडू आणले तेव्हा आर्सनलने फक्त एक गोलकीपर घेतला. पण या सगळ्यांपेक्षा त्याला खुपायचा तो वेंगरचा कोट. थंडीत वेंगर पायापर्यंत येणारा एक फुगीर कोट घालत आणि त्याची चेन त्यांना लागत नसे. सामना चालू असताना कॅमेरा त्यांच्यावर जाई, तेव्हा ते खाली वाकून चेनशी झटत असलेले दिसत. "ज्याला स्वतःच्या कोटाची चेन लावता येत नाही, तो बचावफळी काय लावणार?" असं पोरगा विचारी, आणि यावर काकांकडे उत्तर नसे.

दुसऱ्या एका आरोपावर मात्र असे. आर्सनलच्या खेळाडूने कोणाला पाडलं, कोणाला कोपर मारलं, की सामन्यानंतर वेंगर ठरावीक उत्तर द्यायचे : मी ते पाहिलं नाही. पोरग्याला हा खोटेपणा वाटायचा. काकांचा चेहरा मात्र उजळायचा. "याला म्हणतात अनुभवी अधिकारी," ते म्हणायचे.

या दोघांच्या मधोमध आमचा एक सीए मित्र बसायचा. तो म्हणे की मी भावनेत जात नाही, आकडे बघतो. आकडा असा, की २०११ पासून २०१७ पर्यंत सलग सात वर्षं आर्सनल चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत पोचून तिथेच बाद झाला. "एखाद्या वर्षी तरी आधी बाद व्हायचं किंवा नंतर," तो कळवळून म्हणायचा. "ताळेबंद सात वर्षं जसाच्या तसा आला तर आम्ही ऑडिट लावतो." आणि या तिघांपेक्षा मोठा असा चौथा पक्ष होता, तो म्हणजे 'काढायला हवं, पण सन्मानाने'. या पक्षाला शत्रू नव्हता. सन्मानाने म्हणजे नेमकं कसं, हे मात्र त्यातल्या कोणी कधी सांगितलं नाही.

कोणताही पक्ष जिंकत आला की काका आपलं हुकमी पान टाकायचे : "बरं, काढलं. मग आणणार कोणाला?"

इथे सगळे गप्प. कारण ज्यांची नावं सुचत ते सगळे कुठे ना कुठे कामावर होते. सिमेओने माद्रिदमध्ये, अलेग्री तुरिनमध्ये, आणि क्लॉप आर्सनलला येईल येईल म्हणता म्हणता २०१५ मध्ये लिव्हरपूलला गेला. 'चांगला माणूस रिकामा नसतो आणि रिकामा माणूस चांगला नसतो' असं काकांनी एकदा सुनावलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे, मुलीसाठी स्थळं बघणारे एक गृहस्थ वळून "अगदी खरं" म्हणाले.

तिकडे इंग्लंडमध्ये निषेधाची पद्धत आणखी शिस्तशीर. ३० एप्रिल २०१६ च्या नॉर्विचविरुद्धच्या सामन्यात आंदोलकांनी आधीच जाहीर करून टाकलं, की आम्ही बाराव्या आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला फलक दाखवणार. मधला वेळ सामना बघायला मोकळा. ठरल्या मिनिटाला 'बदलाची वेळ झाली' असे कागद वर झाले, आणि तेवढ्यात उरलेल्या स्टेडियमने वेंगरच्या नावाचं गाणं एवढ्या जोरात धरलं की आंदोलन त्यात बुडालं. कागद घड्या घालून खिशात गेले. सामना आर्सनलने १-० जिंकला. वेळापत्रक छापून केलेल्या क्रांतीचं दुसरं काय होणार?

दर वेळी एवढी सभ्यता नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये स्टोकला ३-२ ने हरल्यावर संघ तिथल्या रेल्वे स्टेशनवर परतीची गाडी पकडत होता. फलाटावर जमलेले आर्सनलचेच पाठीराखे वेंगरना नको नको ते बोलत होते. पासष्टीचा माणूस मान खाली घालून डब्यात चढत होता. तेवढ्यात कोणीतरी संघातल्या जोएल कॅम्पबेल या तरुण खेळाडूला ओरडून सांगितलं, की जोएल, अजून वेळ आहे, निघून जा! एवढ्या संतापातही एका पोराच्या करिअरची काळजी कोणाला तरी वाटली. त्या फलाटावरचं तेवढं एकच वाक्य मला आवडतं.

२०१७ मध्ये वेंगरना घालवण्याची ही मागणी क्लबच्या, शहराच्या, देशाच्या आणि शेवटी फुटबॉलच्याही हद्दी ओलांडून गेली. अमेरिकेत रेसलमेनिया या कुस्तीच्या जत्रेत कोणीतरी 'वेंगर आउट'चा फलक धरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झिंबाब्वेच्या हरारे शहरात रॉबर्ट मुगाबे यांची सदतीस वर्षांची राजवट हटवण्यासाठी लाखभर लोक रस्त्यावर आले, तर त्या गर्दीतही एकाच्या हातात 'वेंगर आउट'. देशाचं भवितव्य पणाला लागलेलं असताना या गृहस्थाने अजेंड्यावर दुसरा विषयही घेतला. मुगाबे तीन दिवसांत गेले. वेंगर राहिले.

कोल्हापूरच्या माणसाला हे सगळं लांबचं वाटेल. त्याला फुटबॉलवरून भांडायला परदेशी क्लब लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की भांडणाला लागणारा सगळा माल पेठेतच मिळतो. शिवाय त्याची एक मोठी सोय अशी, की संघ चालवणारा माणूस बहुधा त्याच पेठेतला. संध्याकाळी गाठून, "काय रे, कसला संघ उतरवलास?" असं तोंडावर विचारता येतं. लंडनच्या मॅनेजरला गाठायचं तर विमान लागतं, आणि तेही फक्त डोक्यावरून जातं.

आता वेंगरच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून सांगितली जाणारी एक गोष्ट. २०१३ च्या उन्हाळ्यात आर्सनलला लिव्हरपूलचा लुइस सुआरेझ हवा होता. त्याच्या करारात एक कलम आहे अशी खबर लागली होती, की चार कोटी पौंडांच्या वर बोली आली तर हालचाल करावी लागते. मग आर्सनलने बोली किती लावली? चार कोटी एक पौंड. लग्नात आहेराच्या पाकिटात पाचशेवर एक रुपया घालतात, तसा तो वरचा पौंड. लिव्हरपूलच्या मालकाने जाहीरपणे विचारलं, की तिकडे आर्सनलमध्ये ही मंडळी ओढतात तरी काय. सुआरेझ मिळाला नाही. पोरग्याच्या मते ही कंजुषीची हद्द होती. सीएच्या मते करारनामा नीट वाचल्याचा पुरावा. काकांनी एवढंच विचारलं, की पाकीट परत आलं का.

मॅनेजरलाच का काढायचं, याचं उत्तर खेळात कमी आणि सोयीत जास्त आहे. पंचवीस खेळाडू एकदम बदलता येत नाहीत. त्यांचे करार असतात आणि भाव पडलेले असतात. मालक बदलता येत नाही. आर्सनलची बहुसंख्य मालकी स्टॅन क्रोंके या अमेरिकन अब्जाधीशाकडे होती. हे गृहस्थ क्वचित येत आणि त्याहून क्वचित बोलत. त्यांचं टोपणनावच मुळी 'सायलेंट स्टॅन'. जो बोलत नाही त्याच्याशी भांडणार कसं? राहता राहिला पाठीराखा. पण त्याला तर राजीनाम्याचीही सोय नाही. लहानपणी कधीतरी एक शर्ट आवडला, किंवा नातवाने फोटो पाठवला, आणि जन्माचं बांधून घेतलं. बायको सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत, पक्ष तर आपल्याकडे दुपारच्या जेवणाआधी सोडतात. पण आर्सनल सोडून शेजारच्या, हाडवैरी टॉटनहॅमला गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तेव्हा सगळ्या व्यवस्थेत हलवता येण्यासारखी वस्तू एकच उरते, आणि ती दर शनिवारी कोटाची चेन लावत टचलाइनवर उभी असते.

या उपायाने गुण येतो का, हे तपासणारे लोकही जगात आहेत. बास टर वील या अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमध्ये १९८६ ते २००४ या काळात मॅनेजर बदलल्याने काय झालं याचा अभ्यास केला. त्याला असं आढळलं, की लागोपाठ हरणारे संघ मॅनेजर काढल्यावर सुधारतात. आणि तसेच हरणारे दुसरे संघ मॅनेजर न काढताही तितकेच सुधारतात. सीएने एका रविवारी हा निष्कर्ष मोठ्या अपेक्षेने टेबलावर ठेवला. त्याला वाटलं होतं की आता वाद मिटेल.

"म्हणजे काढल्यावर सुधारतात ना?" पोरगा म्हणाला. "मग काढा."

"न काढताही सुधारतात ना?" काका म्हणाले. "मग राहू दे."

सीएने दुसरा कटिंग सांगितला.

पण या सगळ्यात माझं लक्ष पोरग्याकडे असायचं, कारण खरी पंचाईत त्याची होती. मॅनेजर जायला हवा, तर संघ हरायला हवा. आणि संघ तर आपला. सामना सुरू होताना तो हात जोडायचा तेव्हा नक्की काय मागत असेल, हा मला प्रश्न पडे. जिंकलो तर आनंद, पण पुन्हा तोच माणूस. हरलो तर दुःख, पण आशेचा किरण. बायर्नने घरच्या मैदानावर पाच मारले त्या रात्री, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास, त्याने मला फोन केला. आवाजात दुखवटा होता, आणि दुखवट्याच्या तळाशी, वारसाला मृत्युपत्राची आठवण व्हावी तसं काहीतरी. "आता तरी काढतील, नाही?" तो म्हणाला.

त्या सीझनला आर्सनल पाचवा आला. वेंगरच्या कारकिर्दीत पहिल्या चारांबाहेर जाण्याची ती पहिलीच वेळ. क्लबचे मुख्य कार्यकारी इव्हान गझिदिस यांनी एप्रिलमध्येच पाठीराख्यांना आश्वासन दिलं होतं, की हे अपयश बदलाला चालना देईल. पोरग्याने ते वाक्य मोबाइलवर साठवून ठेवलं. मग आली २७ मे. एफए कपचा अंतिम सामना, समोर त्या वर्षीचा लीगविजेता चेल्सी. १-१ अशी बरोबरी. ७९व्या मिनिटाला आरन रामसेने डोक्याने गोल मारला आणि पोरगा सोफ्यावरून उडाला. तो हवेत असतानाच त्याच्या लक्षात आलं, की या गोलाचा अर्थ काय. मी समोर होतो. उडी मारताना एक चेहरा होता आणि जमिनीवर आला तेव्हा दुसरा. चार दिवसांनी, ३१ मे रोजी, बदलाला चालना मिळाली : वेंगरना दोन वर्षांचा नवा करार.

"पुनर्नियुक्ती," काका समाधानाने म्हणाले. "दोन वर्षांची देतातच."

ती दोन वर्षं काही पुरी झाली नाहीत. पुढच्या हिवाळ्यात पाठीराख्यांनी नवा उपाय शोधला. ते आलेच नाहीत. तिकिटं विकली गेलेली, त्यामुळे जाहीर होणारा आकडा भरगच्च आणि टीव्हीवर लाल खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा. विमानांनी आणि कागदांनी झालं नव्हतं ते खुर्च्यांनी केलं, असा माझा कयास आहे. क्लबवाले घोषणा सहन करतात. मोकळी खुर्ची त्यांना पुढच्या वर्षीच्या पासाची आठवण करून देते. २० एप्रिल २०१८ रोजी वेंगर जाणार असं जाहीर झालं.

आणि काय आश्चर्य! ६ मे रोजी घरच्या मैदानावरचा त्यांचा शेवटचा सामना, बर्नलीविरुद्ध ५-०. प्रत्येक खुर्चीवर 'मर्सी आर्सेन', म्हणजे फ्रेंचमध्ये 'आभार, आर्सेन', असं छापलेला टीशर्ट. दोन्ही संघ रांगेत उभे राहून टाळ्या वाजवताहेत. कालपर्यंत शिव्या देणारे लोक शर्टाच्या बाहीला डोळे पुसताहेत. आमचा पोरगा तर इतका रडला, की त्याच्या आईने खाली येऊन मला विचारलं, कॉलेजचा निकाल लागला का. एवढ्या वर्षांची त्याची मागणी मान्य झाली होती, आणि आता रविवारी सकाळी बोलायचं काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा होता.

काकांनी समारंभ शेवटपर्यंत पाहिला. "बरा झाला," ते म्हणाले. "पण शाल दिली नाही. श्रीफळ?"

पुढचं थोडक्यात सांगतो. स्पेनचे उनाय एमरी आले. पहिले दोन सामने हरल्यावर सलग बावीस सामने हरले नाहीत, तेव्हा पोरगा कॉलर ताठ करून फिरायचा. मग गाडी घसरली. युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात चेल्सीने ४-१ असं झोडपलं, पुढच्या सीझनमध्ये सात सामने विजयाविना गेले आणि २९ नोव्हेंबर २०१९ रोजी एमरींना नारळ मिळाला. 'एमरी आउट'ची सगळ्यात मोठी आरोळी कोणाची होती हे सांगायला नको. याच एमरींनी नंतर व्हिलारेआलकडून आर्सनललाच उपांत्य फेरीत गारद करून युरोपा लीग जिंकली, आणि मग अॅस्टन व्हिलाला लीगमध्ये चौथं आणून चॅम्पियन्स लीगमध्ये नेलं. चौथं! पोरगा हल्ली म्हणतो, की एमरीला वेळ द्यायला हवा होता, आणि हे तो तेव्हाही म्हणत होता.

एमरींच्या जागी मिकेल आर्तेता आले, वेंगरच्याच संघाचे एकेकाळचे कॅप्टन. २०२० चा एफए कप जिंकला आणि त्याच वर्षी नाताळला संघ पंधरावा. ऑगस्ट २०२१ मध्ये तर पहिल्या तीन सामन्यांत तीन पराभव, केलेले गोल शून्य, खाल्लेले नऊ, आणि संघ तळाला. 'आर्तेता आउट' सुरू झालं, पण या वेळी मालकांनी ऐकलं नाही. संघ वर चढत गेला आणि २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं दुसरा आला. दरम्यान क्लबने स्टेडियमबाहेर वेंगरचा पुतळा उभारला, हातात करंडक घेतलेला. पोरगा आता आयटीत आहे. कंपनीने लंडनला पाठवलं तेव्हा तो पहिल्याच शनिवारी जाऊन पुतळ्याच्या पायाशी उभा राहिला आणि फोटो काढून आला. तोच फोटो त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर आहे.

तिसऱ्यांदा दुसरे आलो त्या मे महिन्यातल्या रविवारी चहाला सगळे जमले होते. काका आता ऐंशीला टेकले आहेत, पण रागाने कप हातात धरून बोलत होते.

"वेंगरांनी तीनदा लीग जिंकली. हा तीनदा दुसरा. काढा याला."

"काका, दुखापती किती होत्या बघा," पोरगा म्हणाला. "साका नाही, हावर्ट्झ नाही, जेझूस नाही."

"पाच वर्षांत कप नाही."

"पंचांनी लाल कार्डं कशी दिली ते पाहिलंत ना? राइसला, ट्रोसारला, सालिबाला?"

"मी नाही पाहिली," काका म्हणाले.

"धीर धरावा लागतो, काका. असा उठसूट माणूस बदलून संघ उभा राहत नाही. सातत्य लागतं."

सीएने माझ्याकडे पाहिलं. मी साखर ढवळत राहिलो. मग पोरग्याने, आपण काय बोलतो आहोत याचा पत्ता नसल्यासारखं, शांतपणे ते हुकमी पान टाकलं : "आणि समजा काढलं. आणणार कोणाला?"

काका क्षणभर थांबले. कप खाली ठेवला. खिशातून रुमाल काढून मिशी पुसली.

"तो एमरी," ते म्हणाले, "येतो का परत, ते विचारून बघायला काय हरकत आहे?"